एक तार, आठ हक्कदार

ज्या वस्तूचे काम सुरळीत चालले असता तिच्या अस्तित्वाची वार्ताही कोणास लागू नये, आणि काम अडताच मात्र साऱ्या कचेरीने तिच्याभोवती गोळा होऊन तिचा उद्धार करावा, अशा दुर्दैवी वस्तूंच्या यादीत मल्टिप्लेक्सर नामक यंत्राचा क्रमांक बराच वरचा लागेल. दिसावयास ते अगदी सामान्य असते. पत्र्याची एक चपटी पेटी, पुढच्या अंगास लुकलुकणाऱ्या दिव्यांची ओळ, मागच्या अंगास पंचवीस-पंचवीस छिद्रांच्या आठ खोबणी, आणि आत एक लहानसा पंखा, जो वर्षभरात कुरकुर करू लागतो आणि पुढे आयुष्यभर करीत राहतो. त्याचे कार्यही थोडक्यात सांगता येते. दोन कचेऱ्यांच्या दरम्यान तार एकच असावी, बोलणारे आठ असावेत, आणि त्या आठांपैकी प्रत्येकाची अशी समजूत करून द्यावी की ही तार खास आपल्या एकट्यासाठी टाकलेली आहे. एका तारेवरून आठांना बोलते करण्याचा प्रश्न विद्युत्शास्त्राने केव्हाच सोडवला. समजूत करून देण्याचा, आणि दिलेली समजूत टिकवण्याचा, प्रश्न मात्र शास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. वाटणी झाल्याने सहसा कोणाचे काही बिघडत नाही. वाटणी झाल्याचे कळले की बिघडते. हे विधान मी एका सहकारी बँकेच्या संगणक खात्यात काढलेल्या दीर्घ सेवेच्या आधारावर करीत असून, भाऊबंदकीच्या दाव्यांत मुरलेले वकीलही त्यास दुजोरा देतील अशी माझी खात्री आहे.

हे यंत्र कालपरवा निघाले असावे अशी आमच्याकडील मंडळींची समजूत होती. वस्तुतः त्याचे कूळ टेलिफोनहूनही जुने आहे. तांब्याची तार महाग, खांबांवरून ती मैलोगणती ओढून नेणे त्याहून महाग, म्हणून एकाच तारेवर अनेकांचे काम कसे भागवावे हा तारायंत्राच्या काळातील मोठाच घोर होता. फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो नावाच्या नोकरदाराने १८७४ साली त्यावर एक तोड काढून तिचे पेटंट घेतले. त्याच्या योजनेत कित्येक तारमास्तर एकाच तारेवर बसत. प्रत्येकापुढे पाच पट्ट्यांचे यंत्र, दोन पट्ट्या डाव्या हाताला आणि तीन उजव्या हाताला. एक फिरता ब्रश क्रमाक्रमाने प्रत्येकाच्या यंत्रास स्पर्श करून जाई, आणि ज्याची पाळी आली त्याला ‘टक’ असा आवाज ऐकू येई. त्या ठेक्याच्या हिशेबाने त्याने आपले अक्षर दाबावयाचे. ठेका चुकला की अक्षर वाया गेले. सरकारी नोकरांकडून ‘टक’ म्हणताच काम करवून घेणाऱ्या या पुरुषाचे नाव पुढे संदेशवहनाच्या वेगाच्या परिमाणाला दिले गेले, आणि ‘बॉड’ या रूपाने ते आजही मोडेमच्या माहितीपत्रकात भेटते, यात मला तरी काही अतिशयोक्ती वाटत नाही. त्याच सुमारास अमेरिकेत एडिसनने एका तारेवरून चार संदेश, दोन इकडून आणि दोन तिकडून, पाठवण्याची युक्ती साधली. तिच्या मालकीवरून दोन धनाढ्य पक्ष कोर्टात गेले. ग्रॅहम बेलची हकीकत तर याहून मौजेची. त्याला भांडवल पुरवणाऱ्यांची अपेक्षा एवढीच होती की निरनिराळ्या सुरांच्या साहाय्याने एका तारेवरून अनेक तारा धाडता याव्यात. हा गृहस्थ ते सोडून मनुष्याचा आवाज धाडण्याच्या नादी लागला, आणि १८७६ साली त्याने मिळवलेल्या पेटंटाच्या मथळ्यातही टेलिफोनचा उल्लेख नसून तारायंत्रातील सुधारणा एवढेच म्हटलेले आहे. करावयास गेला मारुती आणि झाला गणपती, असा हा आपल्याकडील म्हणीच्या उफराटा प्रकार होय.

आता आमच्या बँकेकडे वळतो. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील ही गोष्ट. जिल्ह्याच्या ठिकाणी आमची मुख्य कचेरी, तेथे वातानुकूलित खोलीत एक मिनी-कॉम्प्युटर, आणि त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर चपलांची रांग. कारण धुळीने कॉम्प्युटर आजारी पडतो असे कोणीसे सांगितल्यापासून संचालकदेखील तेथे अनवाणी जात असत. मार्केट यार्डातील शाखेत त्याच कॉम्प्युटरची सात टर्मिनले आणि एक छपाईयंत्र बसवावयाचे ठरले. प्रत्येकासाठी स्वतंत्र तार घ्यावी तर तारा आठ, त्यांची दोन्ही टोकांस मोडेमे सोळा, आणि तारांचे वार्षिक भाडे एवढे की शाखेचा नफा त्यातच वाहून जावा. म्हणून एक भाड्याची तार, दोन मोडेमे आणि दोन्ही टोकांस एकेक मल्टिप्लेक्सर, असा प्रस्ताव संचालक मंडळापुढे गेला. चर्चा बरीच झाली. एका वयोवृद्ध संचालकांनी अशी रास्त शंका काढली की एका तारेतून जर आठ जणांचे बोलणे जाणार, तर माझ्या खात्यातली शिल्लक माझ्या व्याह्याच्या पडद्यावर तर उमटणार नाही ना? तसे होणार नाही असे इतिवृत्तात नमूद करून घेतल्यावरच मंजुरी मिळाली.

यंत्र बसवावयास पुण्याहून एक तरुण अभियंता आला. त्याने आल्या आल्या यंत्राची पेटी न उघडता मागच्या अंगणात जाऊन अर्थिंगचा खड्डा दाखवा म्हणून सांगितले, तेव्हा शाखेतील मंडळींना तो भूमापन खात्याचा मनुष्य वाटला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्या दरम्यान एक-दोन व्होल्टांपेक्षा अधिक दाब असता कामा नये असा त्याचा दंडक. त्याने मोजला तेव्हा तो इतका भरला की मीटरच बिघडला असावा असे त्यास प्रथम वाटले. खड्डा नव्याने खोदून त्यात तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, आणि उन्हाळाभर त्यात रोज बादलीभर पाणी ओतावे असा हुकूम झाला. हे काम शाखेचे जुने शिपाई, ज्यांना लहानथोर सारे मामा म्हणत, त्यांच्याकडे आले. मामांना विद्युत्शास्त्राचा गंध नव्हता. परंतु एवढ्या मोलाच्या यंत्राचे सुखदुःख एका खड्ड्यावर अवलंबून आहे हे तत्त्व त्यांस तत्काळ पटले, आणि दसऱ्याच्या दिवशी तिजोरी व टर्मिनले यांच्याबरोबर त्या खड्ड्यालाही झेंडूची माळ पडू लागली.

त्यानंतर पेटी उघडली. आत कार्डावर पांढऱ्या इवल्याशा खटक्यांच्या ओळी होत्या, नखाने सरकवाव्या लागतील एवढ्या बारीक. वेग किती, अक्षराचे बिट सात की आठ, सम-विषमाची खूण ठेवावयाची की नाही, थांबण्याचा इशारा कोणत्या रीतीने द्यावयाचा, हे सारे त्या खटक्यांच्या वर-खाली असण्यावर ठरे, आणि दोन्ही टोकांच्या पेट्यांत ते तंतोतंत जुळावे लागत. अभियंता मार्केट यार्डात, जोडीची पेटी मुख्य कचेरीत, आणि तेथे तैनात केलेला आमचा एक कनिष्ठ अधिकारी. मध्ये टेलिफोन. “एक वर, दोन खाली, तीन वर,” असे हा इकडून सांगे. बराच वेळ हे चालल्यावर तिकडून विचारणा आली, “साहेब, वर म्हणजे भिंतीकडे की दाराकडे?” अभियंत्याने कपाळाचा घाम पुसला आणि पहिल्या खटक्यापासून पुन्हा आरंभ केला.

केबलींची कथा निराळी. त्या पंचवीस पिनांपैकी खऱ्या कामाच्या थोड्याच. त्यांतही दोन क्रमांकाची पीन आणि तीन क्रमांकाची पीन या मुख्य. टर्मिनल दोनवरून बोलते आणि तीनवरून ऐकते. मोडेमच्या जातीचे यंत्र दोनवरून ऐकते आणि तीनवरून बोलते. त्यामुळे भिन्न जातीच्या दोघांचे सरळ तारेने उत्तम जमते. परंतु एकाच जातीची दोन यंत्रे समोरासमोर आली की दोघेही दोनवर बोलू लागतात, दोघेही तीनवर कान लावून बसतात, आणि कोणाचे कोणास ऐकू जात नाही. अशा वेळी केबलीच्या आतच दोन आणि तीन यांची अदलाबदल करून डाग द्यावा लागतो. (आमच्या संचालक मंडळाच्या सभांत नेमके काय चुकते हे मला त्या दिवशी, सोल्डरच्या धुरात उभा असता, प्रथमच उमगले.) अभियंत्यापाशी लाल-हिरव्या दिव्यांची एक डबी होती, ती केबलीच्या मध्ये खोचून कोणती पीन जिवंत आणि कोणती मृत हे तो पाहून घेई. आठवी केबल जोडली तेव्हा दिवेलागण झाली होती.

मॅनेजरसाहेबांना हा सारा प्रकार समजावून घ्यावयाचा होता. अभियंत्याने इंग्रजीत केलेले निरूपण त्यांनी शांतपणे ऐकले आणि मग माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “साहेब, पंगत बसली आहे आणि वाढपी एकच आहे असे समजा. जुन्या पद्धतीचा वाढपी प्रत्येक पानापुढे सारखाच वेळ थांबतो. जेवणारा हात आखडून बसलेला असो की पाट रिकामा असो, त्याचा क्षण त्याला मिळणारच. टेलिफोनच्या मोठ्या वाहिन्या याच रीतीने चालतात. एका वाहिनीवर ३२ पाने मांडलेली, वाढप्याच्या सेकंदाला ८,००० फेऱ्या, पैकी ३० पाने संभाषणाची, एक वेळेचा मेळ राखण्याचे आणि एक इशाऱ्यांचे. आपली ही पेटी नव्या पद्धतीची आहे. हा वाढपी जो मागेल त्यालाच वाढतो, रिकाम्या पाटापुढे क्षणभरही थांबत नाही. मात्र क्रम सोडल्यामुळे कोणाचे काय हे कळावे म्हणून प्रत्येक वाढीवर पानाचा क्रमांक लिहावा लागतो. आणि चौघांनी एकदम हाका मारल्या तर तो मागणी पातेल्यात राखून ठेवतो, आणि पातेले भरत आले की ‘जरा थांबा’ म्हणतो.” साहेबांनी विचार करून विचारले, “पण म्हणजे वाढतो कमी आणि पाने जास्त मांडतो, असेच ना?” या प्रश्नात पुढील साऱ्या महाभारताचे बीज होते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

पहिली कटकट निघाली ती क्रमांकांवरून. पेटीच्या पाठीवर पोर्टांना एक ते आठ असे आकडे होते, आणि अभियंत्याने ज्याची केबल लांबीला पुरली त्याला ते पोर्ट, असा सरळ व्यवहार केला होता. परिणामी पोर्ट क्रमांक एक बचत खात्याच्या खिडकीवरील सर्वांत कनिष्ठ कारकुनाकडे गेले आणि हेडकॅशियर, ज्यांच्या नोकरीची त्या साली रौप्यमहोत्सवी वर्षे भरत होती, ते सहावर पडले. पोर्टाच्या आकड्याला कसलाही अधिकार नाही, यंत्र एकाला आणि सहाला समान मानते, असे त्यांस परोपरीने सांगण्यात आले. “समान मानते ना? मग मला एकच द्या,” हे त्यांचे उत्तर तर्कदृष्ट्या बिनतोड होते. पोळ्याला कोणाचा बैल पुढे आणि होळीला पहिली पोळी कोणाची, एवढ्यासाठी ज्या प्रांतात महजर झाले, पंच बसले, शिक्केमोर्तबे झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या वतनदारांची भांडणे चालली, त्या प्रांतातल्या मनुष्याने पोर्टाचा क्रमांक हा केवळ आकडा आहे असे मानावे ही अपेक्षाच अन्यायाची होती. अखेरीस ज्येष्ठतेची यादी काढून, साऱ्या केबली उपटून, क्रमवार पुन्हा लावण्यात आल्या. एक मॅनेजरसाहेब, दोन अकाउंटंट, तीन हेडकॅशियर, या क्रमाने सातवर तो कनिष्ठ कारकून गेला आणि आठवर छपाईयंत्र.

त्यातच अभियंत्याच्या तोंडून एक शब्द निसटला. या यंत्रात एखाद्या पोर्टाला अग्रक्रम देण्याची सोय आहे, असे तो सहज बोलून गेला. अग्रक्रम अर्थातच एक क्रमांकाला मिळाला. आता मॅनेजरसाहेबांच्या टर्मिनलवर घरून आणलेले विणीचे झाकण असे, आणि ते झाकण महिन्याकाठी, तेही कोणी तपासनीस आले तर, उचलले जाई. म्हणजे तीन किलोमीटर तारेवरचा पहिला हक्क आमच्या शाखेत नित्यशः मौनासाठी राखून ठेवलेला होता. आणि मौनाला जागा लागत नसल्यामुळे त्याचा कोणास उपद्रवही झाला नाही.

पहिले काही महिने अत्यंत सुखाचे गेले. टर्मिनलवर अक्षर दाबले की ते आधी मुख्य कचेरीत जाई, तेथून कॉम्प्युटर ते परत पाठवी, आणि मग पडद्यावर उमटे, या येरझारेस कधीमधी क्षणभर अधिक लागला की कारकून म्हणत, “कॉम्प्युटर विचार करतोय.” त्या वाक्यात केवढा आदर होता! मग एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी, निव्वळ कर्तव्यबुद्धीने, फलकावर सूचना लावली: ‘मल्टिप्लेक्सर व तार ही सर्वांस सामाईक असल्याने कर्मचाऱ्यांनी तिचा वापर काटकसरीने करावा.’ त्या दिवसापासून कॉम्प्युटरने विचार करणे सोडले. अक्षर उमटावयास उशीर झाला की हेडकॅशियर मान वर करून कर्ज विभागाकडे पाहू लागले, कर्ज विभाग चालू खात्याकडे पाहू लागला, “लाइन कोण खातंय?” हा प्रश्न दिवसातून अनेकदा कोणत्या ना कोणत्या टेबलावरून उठू लागला, आणि बचत खात्यावरचा तो सातवा पोरगा, जो दहाही बोटांनी टंकलेखन करी, त्याला वडीलधाऱ्यांनी बाजूस घेऊन सांगितले की बाबा रे, जरा दमाने, इतरांनाही पोटे आहेत.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. तारेचा वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे अक्षरांच्या भाषेत सर्व कटौती जाता हजाराच्या घरात. निष्णात टंकलेखक सेकंदाला पाच-सहा अक्षरे दाबतो. आमच्याकडे निष्णात एकच होता, तरी सातही जण तसेच धरले, तर चाळीस. म्हणजे कचेरी जिवाच्या आकांताने टंकलेखन करीत असतानाही, जाणाऱ्या दिशेने तार रुपयातले पंधरा आणे रिकामीच. येणाऱ्या दिशेचा भार खरा. चोवीस ओळी आणि ऐंशी रकाने यांचा भरगच्च पडदा म्हणजे १,९२० अक्षरे. टर्मिनलचा स्वतःचा वेग २,४०० बिट, त्यामुळे पडदा भरावयास आठ सेकंद लागत, आणि तेवढ्यात हेडकॅशियरांची तंबाखूची चिमूट मळून होई. तारेत दाटी व्हावयाची तर चारांहून अधिक जणांनी एकाच क्षणी पूर्ण पडदा मागावा लागे. ते क्वचित घडे. उशीर होत असे तो मुख्य कचेरीतल्या कॉम्प्युटरमुळे, कारण त्याच्यावर इतर शाखाही होत्या; तो पूर्वीप्रमाणे खरोखरच विचार करीत होता. हा हिशेब मी टाइप करून सूचनेशेजारी लावला. तो सर्वांनी वाचला, छान आहे म्हटले, आणि पुन्हा कर्ज विभागाकडे पाहिले.

खरा उपद्व्यापी होता आठव्या पोर्टावर, आणि तो यंत्र असल्यामुळे त्याच्यावर कोणाचाच संशय नव्हता. छपाईयंत्राचा कागद अडकला की ते ‘थांब’ अशा अर्थाचे एक गुप्त अक्षर धाडी, आणि कागद मोकळा झाला की ‘चाल’ अशा अर्थाचे दुसरे. पेटीतला एक खटका चुकीच्या बाजूस असल्यामुळे पेटी या अक्षरांचा अर्थच जाणत नसे. छपाईयंत्र ‘थांब, थांब’ म्हणून ओरडत असता ही आपली खतावणीचे पान त्याच्या नरड्यात ओतीतच राही, आणि जे मावत नसे ते कायमचे नाहीसे होई. एका महिनाअखेरीस एका खातेदाराच्या नावाची शेपटी आणि त्याच्या शेजाऱ्याच्या रकमेचे डोके उडून दोघांचा असा संकर झाला की रुजुवातीला नानांना, म्हणजे आमच्या अकाउंटंटना, रात्रीपर्यंत बसावे लागले. खटका फिरवल्यावर ते थांबले. मात्र तीच गुप्त अक्षरे कळफलकावरूनही दाबता येतात. कंट्रोल आणि एस ही जोडी चुकून दाबली गेली की पडदा जागच्या जागी गोठतो, आणि कंट्रोल-क्यू दाबताच पुन्हा वाहू लागतो. या गोठण्याच्या कैक तक्रारी ‘लाइन डाउन’ म्हणून वहीत नोंदल्या गेल्या आहेत. मामांना ही क्लृप्ती कोणी शिकवली ठाऊक नाही. परंतु पुढे पुढे चहाचा कप ठेवता ठेवता ते डाव्या हाताने दोन बटने दाबून टर्मिनल चालू करून देत, आणि त्याबद्दल त्यांनी कधी काही मागितले नाही.

वर्षअखेरीस लेखापरीक्षक आले. यंत्राची कागदपत्रे चाळताना त्यांच्या असे निदर्शनास आले की आठ पोर्टांना प्रत्येकी २,४०० म्हणजे एकूण १९,२०० बिटांचे वाटप केलेले असून तारेची क्षमता मात्र ९,६०० आहे. त्यांनी मुद्दा काढला: ‘प्रत्यक्ष उपलब्धतेच्या दुप्पट वाटप झालेले दिसते. खुलासा व्हावा.’ मॅनेजरसाहेब पांढरेफटक पडले. पंगतीच्या वेळी मनात आलेली शंका खरी ठरली, आणि पुण्याच्या कंपनीने आपल्याला अर्धी तार विकून पुरी पावती दिली, असे त्यांच्या मनाने घेतले. त्या वेळी नानांनी चष्मा कपाळावर सरकवून जे उद्गार काढले ते सहकाराच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे आहेत. ते म्हणाले, “साहेब, आपल्याकडच्या ठेवी किती आणि आज तिजोरीत रोकड किती? उद्या सकाळी अकरा वाजता सारे ठेवीदार पासबुके घेऊन दारात उभे राहिले, तर खुलासा कोणी करायचा?”

साहेब गप्प झाले. बँक म्हणजे तरी दुसरे काय? प्रत्येक ठेवीदारास वाटते की आपले पैसे आपल्या नावाच्या कप्प्यात जसेच्या तसे आहेत. बँक ते केव्हाच दुसऱ्यास कर्जाऊ देऊन बसलेली असते, आणि सारे एकदम येत नाहीत एवढ्याच भरवशावर रोकड थोडी राखते. त्यांनाही वाटणी ठाऊक नाही तोवर सारे सुरळीत, आणि ती कोणी मोठ्याने बोलून दाखवली की दारापुढे रांग! कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे एक गणिती होते. एवढ्या वर्गणीदारांना किती तारा पुरतील याचे गणित त्यांनी १९१७ साली मांडून दाखवले, तेही याच न्यायाने. अटलांटिक समुद्राच्या तळाशी १९५६ साली जी पहिली टेलिफोनची केबल पडली, तिच्यावर एका वेळी पस्तीस-छत्तीस संभाषणे चालत. पुढे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी असे मोजून पाहिले की फोनवरचा मनुष्य निम्म्याहून कमी वेळच बोलत असतो, उरलेला वेळ ऐकतो किंवा श्वास घेतो. तेव्हा १९६० च्या सुमारास त्यांनी एकाच्या मौनात दुसऱ्याचे बोलणे बसवणारे यंत्र लावून त्याच केबलीची शक्ती जवळपास दुप्पट केली. हे मोजमाप त्यांनी आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत घेतले असते, तर तो शोध लागता ना.

नानांनी लिहिलेला खुलासा सव्वा पानाचा होता. त्यात ठेवींचा दाखला होता, माझा तंबाखूवाचून बाकीचा हिशेब होता, आणि अखेरीस ‘सबब वाटप दुप्पट असले तरी तुटवडा नाही’ असे वाक्य होते. लेखापरीक्षकांनी त्यावर शेरा मारला: ‘खुलासा पटण्यासारखा आहे. तथापि मुद्दा प्रलंबित.’

पावसाळ्यात तार बिघडे. ती ज्यांच्या मालकीची होती त्या खात्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. तक्रार नोंदवली की तिकडून उत्तर येई, “आमच्याकडून लाइन ओके आहे, मोडेम बघा.” मोडेमवाला म्हणे मल्टिप्लेक्सर बघा, मल्टिप्लेक्सरवाला म्हणे कॉम्प्युटर बघा, कॉम्प्युटरवाला, जो सर्वांत जास्त पगाराचा असे, तो म्हणे लाइन बघा. या चौकडीत खऱ्या-खोट्याचा निवाडा करण्यासाठी मोडेमवर एक बटन असते. ते दाबले की तिकडून आलेला संदेश आल्या पावली परत फिरतो. तो परतून आला तर तेथपर्यंतची वाट शाबूत, न आला तर दोष त्या टप्प्यात. एकेक टप्पा वाढवीत गेले की गुन्हेगार सापडतो. आमच्याकडे तो बहुधा रस्त्याखालच्या एका सांध्यात, पाण्यात बुडालेला सापडे. अशीच उलट फिरवण्याची सोय पेटीच्या प्रत्येक पोर्टालाही असते, आणि एकदा तपासणीनंतर चालू खात्याच्या पोर्टाची ती फिरकी काढावयाची राहून गेली. तेथील कारकून जे दाबी ते पेटीपर्यंत जाऊन तेथूनच परत येई आणि पडद्यावर तत्काळ उमटे. मुख्य कचेरीचा त्याच्याशी काही संबंध उरला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तो मला भेटला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. “आज लाइन फार फास्ट आहे हो,” तो म्हणाला, “फक्त मेनू तेवढा येत नाहीये.”

कालांतराने ती पेटी गेली. नव्या बांधणीत तारा बदलल्या, पोर्टांचे आकडे संपले, आणि यंत्र डेडस्टॉक रजिस्टरात उतरून तिजोरीशेजारच्या कपाटात वरच्या फळीवर गेले. लेखापरीक्षणाचा मुद्दा मात्र दरवर्षीच्या अहवालात पुढे ओढला जात होता, आणि प्रलंबित मुद्द्याच्या पुराव्यादाखल ज्येष्ठतेची ती पोर्टवार यादीही फायलीत शाबूत होती. मॅनेजरसाहेब निवृत्त झाले त्या महिन्यात हेडकॅशियरांचा रीतसर अर्ज आला, की पोर्ट क्रमांक एक रिक्त झाले असून नानांनी त्यावरील आपला हक्क लेखी सोडलेला आहे, सबब ते ज्येष्ठतेनुसार अर्जदाराच्या नावे व्हावे. नव्या मॅनेजरांनी मला बोलावून विचारले, “यात बँकेला काही खर्च आहे?” मी नाही म्हणालो. त्यांनी अर्ज मंजूर केला, आणि खाली माझ्यासाठी टीप लिहिली, की अग्रक्रमासह.